कमांडो जेव्हा कादंबरी लिहितो

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा लेखकांना थोडी मोकळीक दिली आहे. लेख वैद्यकीयच हवा असे नाही. व्यवसायाबाहेरच्या वाचनाविषयी लिहिले तरी चालेल, असे त्यांनी कळविले. त्या मोकळिकीचा फायदा घेऊन मी अशा पुस्तकांविषयी लिहिणार आहे, ज्यांची दखल साहित्यसंमेलनांतून कोणी घेत नाही, परंतु जी आपल्यापैकी अनेक डॉक्टरांच्या उशाशी हमखास सापडतात. ही पुस्तके म्हणजे कमांडो दलांतून निवृत्त झालेल्या सैनिकांनी लिहिलेल्या युद्धथरार कादंबऱ्या.

साहसकथा मराठी वाचकाला नवी नाही. बाबुराव अर्नाळकर व गुरुनाथ नाईक या दोघांनी प्रत्येकी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली आणि आमच्या पिढीने ती वाचनालयातून दिवसाला एक या हिशेबाने संपविली. पुढे अॅलिस्टर मॅक्लीन मराठीत आला, तोही आवडीने वाचला. मॅक्लीन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता हे खरे. पण १९५७ च्या 'द गन्स ऑफ नॅव्हरोन'मधले उभा कडा चढणारे कमांडो त्याने कल्पनेनेच उभे केले. हे सारे लेखक टेबलाशी बसून युद्ध लढले. मला ज्यांच्याविषयी सांगायचे आहे ते लेखक आधी प्रत्यक्ष रणात उतरले आणि मग टेबलाशी बसले. हा फरक काय असतो, हे मराठी वाचकाने एकदा अनुभवले आहे. अनंत सामंत यांची 'एम. टी. आयवा मारू' १९८९ मध्ये आली, तेव्हा जहाजावर नोकरी केलेल्या माणसाचा समुद्र आणि बंदरावर उभे राहून पाहिलेला समुद्र यांतले अंतर एका पुस्तकाने दाखवून दिले. (या लेखात पुढे आणखी एक सामंत येणार आहेत. ते वेगळे.)

या प्रकारच्या आजच्या लाटेचा उगम इंग्लंडमध्ये आहे. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धात, ब्रिटनच्या एस.ए.एस. या विशेष दलाची आठ जणांची एक तुकडी इराकमध्ये शत्रूच्या पिछाडीस उतरली. मोहीम फसली. तिघे मरण पावले, चौघे पकडले गेले, एक जण सात-आठ दिवस चालत सीरियाच्या हद्दीत पोहोचला. तुकडीच्या प्रमुखाने 'अँडी मॅकनॅब' या टोपणनावाने १९९३ मध्ये 'ब्राव्हो टू झीरो' लिहिले. चालत सुटलेल्याने 'ख्रिस रायन' या टोपणनावाने १९९५ मध्ये स्वतःची हकीकत लिहिली. दोन्ही पुस्तके अफाट खपली. दोघेही नंतर कादंबरीकडे वळले आणि आजवर लिहीत आहेत.

कादंबरीकडे वळण्यामागे पैसा हे एक कारण होतेच. परंतु दुसरे कारण आपल्या व्यवसायाला अधिक जवळचे आहे. या पुस्तकांमुळे ब्रिटिश संरक्षण खाते अस्वस्थ झाले आणि १९९६ पासून विशेष दलांतील प्रत्येक सैनिकाकडून आजन्म गोपनीयतेचा करार लिहून घेण्यास सुरुवात झाली. सही न करणाऱ्यास दल सोडून मूळ पलटणीत परत जावे लागे. त्याच तुकडीतल्या न्यूझीलंडच्या एका सैनिकाने हा करार सक्तीने घेतला म्हणून न्यायालयात दाद मागितली. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. २००३ मध्ये निकाल लागला तो असा की करार वैध आहे. पुस्तक मात्र २००४ मध्ये बाहेर आले. म्हणजे बोलण्यास बंदी घातली गेली नाही, पण बोलण्याची किंमत वसूल करता येईल असे ठरले. अमेरिकेत ही किंमत आकड्यांत दिसते. ओसामा बिन लादेनवरील २०११ च्या छाप्यात सहभागी असलेल्या एका नेव्ही सील सैनिकाने पुढच्याच वर्षी, संरक्षण खात्याच्या पूर्वतपासणीशिवाय, टोपणनावाने पुस्तक छापले. २०१६ च्या तडजोडीत त्याला सुमारे ६८ लाख डॉलर सरकारजमा करणे मान्य करावे लागले.

कादंबरीलाही तेथे तपासणी चुकत नाही. जॅक कार हा वीस वर्षे सील दलात काढलेला अधिकारी. त्याची पहिली कादंबरी 'द टर्मिनल लिस्ट' २०१८ मध्ये आली. संरक्षण खात्याने खोडलेल्या ओळी त्याने पुस्तकात तशाच काळ्या पट्ट्यांच्या रूपाने ठेवल्या आहेत. वाचताना मध्येच काळी पट्टी येते आणि वाचकाची खात्री पटते की येथे काहीतरी खरे होते. विक्रीसाठी याहून चांगली जाहिरात कोणती! परंतु काळ्या पट्टीखाली फार मोठे गुपित असते असे मानण्याचे कारण नाही. एखाद्या तळाचे नाव, एखाद्या उपकरणाचा उल्लेख, एवढेच बहुधा तेथे असावे असे मला वाटते. तपासनीस घटनेपेक्षा तपशिलाला घाबरतो.

आपण डॉक्टर मंडळी या पेचाशी अपरिचित नाही. रुग्णाने सांगितलेले बाहेर न्यायचे नाही ही आपली शपथ, आणि तरीही आपले सारे शिक्षण रुग्णांच्या हकीकतींवरच झाले आहे. परिषदेत एखादा रुग्ण मांडताना आपण नाव गाळतो, गाव बदलतो, वय दोन-चार वर्षांनी इकडेतिकडे करतो; पण यकृत किती बोटे वाढले होते ते मात्र बदलत नाही. या लेखकांची पद्धत हुबेहूब हीच आहे. ठिकाण, काळ, शत्रू, सारे बदललेले असते. पाठीवरचे ओझे किती आणि ओल्या मोज्यांनी पायाचे काय होते, हे बदललेले नसते.

वैद्यक आणि हेरगिरी या दोन्ही शपथा एकाच माणसाने घेतल्याचेही उदाहरण आहे. सॉमरसेट मॉम लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकून डॉक्टर झाला आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये काम करू लागला. त्या अनुभवावरच्या 'अ‍ॅशेंडन'च्या कथा त्याने १९२८ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत गोळीबार जवळजवळ नाही. हॉटेलात वाट पाहणे आहे, कंटाळा आहे, आणि आपल्या एका कागदामुळे कोण मेला याची पूर्ण कल्पना नसणे आहे. रोग्याला पाहून वरिष्ठांकडे पाठविले आणि पुढे काय झाले ते कधीच कळले नाही, हा अनुभव ग्रामीण भागातल्या प्रत्येक डॉक्टरला असतो. कदाचित त्यामुळेच मॉमच्या त्या कथा मला या सर्व वाङ्मयात अजूनही सर्वांत खऱ्या वाटतात.

आता ज्या सामंतांचा उल्लेख मी वर केला त्यांच्याकडे वळतो. कॅप्टन मोहन नारायण राव सामंत, महावीर चक्र, भारतीय नौदल. पेडण्याहून तेरेखोल ओलांडून पलीकडे गेले की सामंत हे आडनाव घरोघर आढळते, तरीही या माणसाचे नाव आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. ते पाणबुडीचे अधिकारी. 'करंज' ही पाणबुडी १९६९ मध्ये नौदलात दाखल झाली तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच होते. १९७१ मध्ये त्यांच्याकडे एक वेगळेच काम आले.

त्या वर्षी मार्चमध्ये फ्रान्सच्या तूलाँ बंदरात 'मांग्रो' या पाकिस्तानी पाणबुडीवर प्रशिक्षण घेत असलेले काही बंगाली नौसैनिक जहाज सोडून पळाले. त्यांतले आठ जण स्पेनमार्गे भारतात पोहोचले. त्यांना हाताशी धरून नौदलाने प्लासीजवळ, भागीरथीच्या काठी, एक गुप्त छावणी उघडली. हीच ती प्लासी, जिथे १७५७ मध्ये क्लाईव्हने बंगाल जिंकला. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांतली शेतकऱ्यांची मुले, कॉलेजातले विद्यार्थी अशा चारशेहून अधिक तरुणांना तेथे नदीत तासन्‌तास पोहण्याचे, बुडी मारून जहाजाच्या तळाला लिंपेट म्हणजे चुंबकाने चिकटणारा सुरुंग लावण्याचे शिक्षण दिले गेले. शस्त्र म्हणून एक सुरी, पायाला रबरी पंख, आणि सुमारे पाच किलोंचा सुरुंग गमछ्याने पोटाशी बांधलेला. नौदलाच्या या गुप्त मोहिमेची जमिनीवरची सूत्रे सामंतांकडे होती.

येथे एक तपशील असा आहे की तो केवळ आपल्या वाचकांसाठीच राखून ठेवावा. सुरुंगाच्या कळीत पाण्यात विरघळणारी एक गुटी असे. ती विरघळली की सुरुंग जिवंत होई. अडचण अशी की गुटी साधारण अर्ध्या तासात विरघळे, आणि पोहत जहाजापर्यंत जाण्यास त्याहून अधिक वेळ लागे. म्हणजे सुरुंग पोहणाऱ्याच्याच पोटाशी जिवंत होणार. उपाय निघाला तो कुटुंबनियोजन केंद्रातला! कळीवर निरोध चढवायचा, आणि सुरुंग जहाजाला चिकटविला की तो फाडून टाकायचा. गुप्त छावणीसाठी निरोधची मोठी मागणी गेली तेव्हा वरच्या कार्यालयात भुवया उंचावल्या, आणि खरे कारण तर सांगता येत नव्हते. टेबलाशी बसलेल्या कादंबरीकाराने डोके कितीही खाजविले तरी हा तपशील त्याला सुचला नसता. सुचला असता तरी अतिशयोक्ती वाटेल म्हणून त्याने तो गाळला असता.

हल्ल्याची आज्ञा पोहोचविण्याची रीतही अशीच. बिनतारी यंत्रे सर्वांकडे देणे शक्य नव्हते. म्हणून आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठराविक वेळी दोन बंगाली गाणी लावण्यात आली. पंकज मलिकांचे गाणे लागले म्हणजे तयारीत राहा. संध्या मुखर्जींचे लागले म्हणजे निघा. लाखो श्रोत्यांनी ती दोन गाणी गाणी म्हणूनच ऐकली. १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत एकाच वेळी सुरुंग फुटले. चितगावला 'अल अब्बास' व 'होर्मुझ' ही जहाजे बुडाली.

यापुढचा भाग कोणत्याही थरारकादंबरीत सहसा आढळत नाही. डिसेंबरात उघड युद्ध सुरू झाल्यावर सामंत 'पद्मा', 'पलाश' आणि भारतीय नौदलाची 'पणवेल' अशा तीन लहान नौका घेऊन मोंगलामार्गे खुलन्याकडे निघाले. आपल्या विमानांना ओळखता यावे म्हणून नौकांवर पिवळी खूण रंगविली होती. १० डिसेंबर रोजी खुलन्याजवळ भारतीय हवाई दलाच्या विमानांनी त्यांना शत्रू समजून त्यांच्यावर बाँब टाकले. 'पद्मा' आणि 'पलाश' पेटल्या. 'पलाश'च्या यंत्रखोलीत काम करणारे मोहम्मद रुहुल अमीन त्या दिवशी गेले. बांगलादेशाने त्यांना 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान मरणोत्तर दिला. सामंतांनी उरलेल्या 'पणवेल'वरून पाण्यात पडलेली माणसे उचलली.

या हकीकतीची रूपरेषा नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे त्या वेळचे प्रमुख मिहिर रॉय यांनी १९९५ मध्ये आपल्या पुस्तकात दिली होती. परंतु स्वतः सामंतांनी सविस्तर सांगितली ती पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेल्या 'ऑपरेशन एक्स' या इंग्रजी पुस्तकात. ते २०१९ मध्ये निघाले, म्हणजे घटनेनंतर ४८ वर्षांनी. पुस्तक छापून हाती येण्याच्या काही महिने आधी सामंत निवर्तले होते. या माणसाजवळ एका कादंबरीमालिकेला पुरेल एवढी सामग्री होती. इंग्लंड-अमेरिकेत असता तर दर दिवाळीला एक पुस्तक आले असते. त्यांनी कादंबरीची आडवाट घेतली नाही. वाट पाहिली आणि मग नावागावासह लिहिले. त्यात आपल्याच विमानांचा बाँबही लिहिला.

माझ्या मते नेमके येथेच या दोन वाटा वेगळ्या होतात. सैनिक-कादंबरीकार गंध, वजन, थंडी, भीती यांविषयी खोटे लिहीत नाही. तो खोटे लिहितो ते शेवटाविषयी. त्याची मोहीम कितीही बिघडली तरी शेवटच्या प्रकरणात यशस्वी होते, आणि चूक झालीच तर ती दगाबाज वरिष्ठाची असते, धुराची आणि घाईची नसते. 'ब्राव्हो टू झीरो' तर कादंबरी नव्हे, आत्मकथन. तरीही मायकेल अॅशर या अरबी जाणणाऱ्या माजी एस.ए.एस. सैनिकाने त्या तुकडीचा मार्ग पायी तुडविला, तिथल्या बदाउनी मेंढपाळांना विचारले आणि २००२ च्या पुस्तकात दाखविले की वर्णन केलेल्या मोठमोठ्या चकमकी त्या लोकांना मुळीच आठवत नव्हत्या. मॅकनॅबचे समर्थक हे मान्य करीत नाहीत. मला त्या वादात निर्णय द्यायचा नाही. परंतु रुग्णाची हकीकत आणि सोबतच्या नातेवाइकाची हकीकत कधीच जुळत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याने दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचून पाहावीत.

गोव्यातही असे एक प्रकरण आहे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स', 'ब्राउनफेल्स' ही तीन जर्मन जहाजे आणि एक इटालियन जहाज मुरगाव बंदरात आश्रयाला होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री ब्रिटिशांच्या गुप्त मोहीम खात्याचे लुईस प्यू यांच्या नेतृत्वाखाली 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी स्वयंसेवक पथकातील मध्यमवयीन व्यापारी मंडळी एका गाळ वाहणाऱ्या बार्जमधून आली आणि 'एरेनफेल्स'वर चढली. जहाजाचा कप्तान मारला गेला, जहाजे बुडाली. इतर जहाजे तर त्यांच्याच खलाशांनी बुडविली. हे सारे कित्येक वर्षे गुप्त राहिले. जेम्स लीझर याने १९७८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि १९८० मध्ये ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन यांना घेऊन 'द सी वुल्व्ज' हा चित्रपट निघाला. त्याचे चित्रीकरण गोव्यातच झाले. चित्रपटातला रॉजर मूरचा प्रणय सोडून देऊ. पुस्तकाचा मुख्य दावा असा की 'एरेनफेल्स'वरच्या बिनतारी यंत्रातून जर्मन पाणबुड्यांना खबर जात असे आणि छाप्यानंतर जहाजे बुडण्याचे प्रमाण एकदम घटले. औषध दिले आणि ताप उतरला, म्हणून औषधाने ताप उतरला, असा हा युक्तिवाद आहे. त्या वर्षी दोस्तांची ताफ्यांची व्यवस्था सुधारत होती, जर्मन सांकेतिक भाषाही फोडली जात होती. तुलनेसाठी दुसरा गट नसलेला हा प्रयोग आहे.

आणि जे खरोखर आपले आहेत त्यांचे काय? मनोहर आपटे नावाचा तरुण 'मोहन रानडे' हे नाव घेऊन गोव्यात मराठीचा शिक्षक म्हणून राहिला, आझाद गोमंतक दलातर्फे त्याने पोर्तुगीज पोलीस चौक्यांवर छापे घातले आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरील हल्ल्यात तो जखमी होऊन पकडला गेला. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाला तरी रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते; सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. टोपणनाव, दुहेरी आयुष्य, रात्रीचा छापा, परक्या देशातली कोठडी, कादंबरीला लागणारे सारे येथे आहे. रानड्यांनी लिहिले ते 'सतीचे वाण' हे आत्मकथन. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाशी दरवर्षी फुले वाहणाऱ्या आमच्या तालुक्यात तरी ते प्रत्येक वाचनालयात असले पाहिजे.

आता थोडे वैद्यकीय. थरारकादंबऱ्यांतील वैद्यक हा स्वतंत्र विनोदी लेखाचा विषय आहे. नायकाच्या खांद्यात गोळी लागते आणि दुसऱ्या प्रकरणात तो त्याच हाताने दोरावर लोंबकळतो. पहारेकऱ्याच्या डोक्यात फटका बसतो आणि बरोबर अर्ध्या तासाने तो कसलीही हानी न होता शुद्धीवर येतो. सैनिक-लेखकांच्या पुस्तकांत हे कमी आढळते. त्यांचा नायक जखमी सोबत्याच्या मांडीवर प्रथम टूर्निके आवळतो आणि मगच बाकीचे पाहतो. ही सवय कोठून आली याची हकीकत कादंबरीहून सुरस आहे. फ्रँक बटलर हे आधी सील दलाचे अधिकारी होते, मग वैद्यक शिकून नेत्रतज्ज्ञ झाले. आपल्या जुन्या सोबत्यांना शिकविले जाणारे प्रथमोपचार शहरातल्या रुग्णवाहिकेसाठी रचलेले आहेत, गोळीबारासाठी नव्हेत, हे त्यांच्या ध्यानात आले. टूर्निके हा शेवटचा उपाय, असे तेव्हा शिकवीत. व्हिएतनाम युद्धात मात्र सुमारे अडीच हजार अमेरिकन सैनिक केवळ हातापायाच्या जखमांतील रक्तस्रावाने गेले होते. बटलर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एका लष्करी वैद्यक नियतकालिकात निबंध लिहून हा क्रम उलटा केला: गोळीबार चालू असता करण्याजोगा उपचार एकच, टूर्निके, बाकी सारे आडोशाला गेल्यावर. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. विशेष दलातल्या माणसाने लिहिलेल्या साऱ्या मजकुरात सर्वाधिक जीव वाचविणारा मजकूर बहुधा हाच असेल, आणि त्याचे चित्रपटात रूपांतर होणार नाही.

पत्रादेवी ते कोलवाळ या महामार्गावर अपघात पाहिलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना याचे मोल सांगायला नको. जखमेच्या वर ओढणी सैल बांधून आणलेला रुग्ण आपण सर्वांनी पाहिला आहे. सैल बंध अशुद्ध रक्ताची वाट अडवितो, शुद्ध रक्ताची नाही. त्याने रक्तस्राव वाढतो. रुंद पट्टी, तिच्यात अडकविलेली काठी, रक्त थांबेपर्यंत पीळ, आणि बांधल्याची वेळ कागदावर लिहून रुग्ण बांबोळीला रवाना. दोन तासांच्या आत तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला तर पाय जाण्याचे भय फार थोडे. हे चतुर्थीच्या मंडळातल्या पोरांनाही शिकविता येते.

या पुस्तकांतली दुसरी वैद्यकीय गोष्ट मनाची आहे. 'द टर्मिनल लिस्ट'च्या कथानकात सैनिकांना त्यांच्या संमतीशिवाय एक प्रायोगिक औषध दिले जाते. युद्धाच्या आठवणींनी मन मोडू नये हा त्याचा हेतू. परिणाम म्हणून त्यांच्या मेंदूत गाठी होतात. गाठी लेखकाच्या कल्पनेतल्या, पण हेतू कल्पनेतला नाही. आघातानंतर लगेच प्रॉप्रॅनोलॉल दिल्यास पुढचा मानसिक त्रास टळतो का, याचा एक लहान अभ्यास अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आपण रक्तदाबासाठी रोज लिहितो तेच हे औषध. पुढच्या अभ्यासांतून ठाम फायदा दिसला नाही.

माझ्याकडे रक्तदाबासाठी येणारे एक निवृत्त सैनिक आहेत. वर सांगितलेल्या पद्धतीने, ओळख पटणार नाही एवढा फेरफार करून लिहितो. ते सैन्यात नेमके कोठे होते हे त्यांच्या घरातही कोणाला माहीत नाही. झोप लागत नाही एवढीच तक्रार. वाचनाची आवड दिसली म्हणून मी त्यांना मॅकनॅबची एक कादंबरी दिली. आठवड्याने परत आणून दिली. गोष्ट बरी आहे, म्हणाले, पण यात माणसे फार लवकर गोळी झाडतात. आम्ही एका ओढ्याकाठी नऊ दिवस पडून होतो आणि दहाव्या दिवशी परत फिरायचा हुकूम आला. एवढे बोलून ते थांबले. बायको शेजारी बसली होती. नऊ दिवसांचे हे वाक्य तिने लग्नाच्या तीस वर्षांत प्रथमच ऐकले, हे तिने मला नंतर सांगितले. पुस्तकाने त्यांचा रक्तदाब उतरला असा माझा दावा नाही. वर लीझरवर जी टीका केली ती मलाही लागू आहे. मनातले लिहून काढल्याने प्रकृतीला थोडा लाभ होतो असे १९८६ पासूनचे पेनेबेकर यांचे अभ्यास सांगतात, पण तो लाभ माफकच. तरी ज्या दाराला हात लावण्याचे मला औषधाने जमले नव्हते ते एका सामान्य कादंबरीने किलकिले केले. आता ते दोघे महिन्यातून एकदा बांबोळीच्या मानसोपचार विभागात जातात.

भारतात अशी पुस्तके थोडी का, याचे एक कारण १९२३ चा कार्यालयीन गुपिते कायदा. २००७ मध्ये एका निवृत्त मेजर जनरलने गुप्तचर खात्याच्या कारभारावर पुस्तक लिहिले तेव्हा त्यांच्या घरावर धाड पडली आणि खटला झाला. २०२१ मध्ये गुप्तचर व सुरक्षा संघटनांतून निवृत्त झालेल्यांच्या लेखनावर निवृत्तिवेतनाच्या नियमांतून आणखी बंधने आली. मुकुल देव या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने २००८ मध्ये 'लष्कर' लिहून इंग्रजीत हा प्रकार रुजविण्याचा प्रयत्न केला. तो सरस आहे असे मी म्हणणार नाही. मराठीत, माझ्या वाचनात तरी, अशी एकही कादंबरी नाही. माणसे नाहीत असे मात्र नव्हे. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात शिरलेल्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये दुसरी पॅरा ही मुळात मराठ्यांची पलटण होती. तीच पुढे विशेष दलात गेली. २१ व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे १९९६ मध्ये २१ पॅरा या विशेष दलात रूपांतर झाले. बेळगावच्या केंद्रातून भरती झालेली, आपल्या सीमेअलीकडची-पलीकडची मुले या पलटणींत गेली, परतली, आणि आज आपल्या दवाखान्यांतल्या बाकांवर बसलेली असतात.

ज्यांना या वाङ्मयाची चव घ्यायची आहे त्यांनी कादंबरीपासून सुरुवात करू नये. आधी 'ऑपरेशन एक्स' वाचावे, मग 'सतीचे वाण', मग मॅकनॅब आणि अॅशर जोडीने. त्यानंतर जॅक कार घ्यायला हरकत नाही; मात्र दुसऱ्या दिवशी सकाळची ओपीडी असेल तर त्या रात्री नको.